हनिमूनला कुठे जायचं, हे सगळ्यात शेवटी ठरवा

प्रवासाची आखणी करून देणं हा माझा धंदा. नवी जोडपी माझ्याकडे येतात ती बहुतेक वेळा ठिकाण ठरवूनच येतात. फोनवर एक फोटो उघडलेला असतो. पाण्यावरची लाकडी खोली, नाहीतर पांढऱ्या भिंती आणि निळे घुमट. "आम्हाला इथे जायचंय." मी तो फोटो बंद करायला सांगते आणि विचारते, "तिथे गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता तुम्ही काय करत असाल?" तो म्हणतो, झोपलेलो असू. ती म्हणते, बोटीतून कुठल्यातरी बेटावर पोहोचलेलो असू. मग दोघं एकमेकांकडे बघतात. माझं खरं काम तिथून सुरू होतं.

सुंदर जागांना जगात तोटा नाही. अडतं ते इतर गोष्टींवर: तुम्हा दोघांना दिवस कसा घालवायचाय, तुम्ही कोणत्या महिन्यात निघणार आणि प्रवासात किती तास घालवायची तयारी आहे. या तीन गोष्टी प्रामाणिकपणे ठरवल्या की मोठ्या यादीतली दोन-चारच नावं उरतात. त्यातलं कोणतंही निवडा, पस्तावणार नाही.

आधी दिवस लिहून काढा

दोघांनी वेगवेगळं बसून लिहायचं, एकमेकांना न दाखवता. तीनच ओळी पुरतात. सकाळी किती वाजता उठायला आवडेल? दिवसातला किती वेळ खोलीबाहेर, पायी किंवा गाडीत घालवायचाय? आणि अशी एक गोष्ट कोणती, जी मुळीच नको?

तिसरी ओळ सगळ्यात कामाची. काय हवं हे विचारलं की लोक ऐकीव उत्तरं देतात, काय नको ते मात्र मनातलं असतं. कुणाला पोहता येत नाही. कुणाला घाटात गाडी लागते. कुणाला थंडी सोसत नाही, कुणाला उंचीवरून खाली बघवत नाही. लग्न ताजं असताना माणसं हे सगळं लपवतात, कारण समोरच्याचा हिरमोड करायचा नसतो. मग पाण्याची भीती असलेली मुलगी पाच रात्री पाण्यावर बांधलेल्या खोलीत राहून येते आणि हसरे फोटो पाठवते. कागदावर लिहिलं की बोलायची पंचाईत राहत नाही.

कागदांची अदलाबदल केल्यावर जुळलेल्या गोष्टींवर वेळ घालवू नका. जिथे तफावत दिसते तिथेच बोला. एकाला पहाटे उठून डोंगर चढायचाय आणि दुसऱ्याला दुपारपर्यंत लोळायचंय, यात भांडण्यासारखं काही नाही. अशी जागा शोधायची जिथे चालायची वाट हॉटेलच्या दारातून सुरू होते, म्हणजे एक जण जाऊन येईपर्यंत दुसरा खुशाल झोपेल. जिथे प्रत्येक गोष्टीसाठी गाडी करून दोघांनी एकत्रच निघावं लागतं, तिथे अशा जोडप्याचे हाल होतात.

थकव्याचा हिशेबही याच कागदावर मांडा. लग्न उरकल्यावर माणूस पिळून वाळत घातलेल्या फडक्यासारखा झालेला असतो आणि हे आधी कुणालाच खरं वाटत नाही. म्हणून लगेच निघणार असाल तर पहिले दोन दिवस एकच हॉटेल, कुठलीही तिकिटं काढलेली नाहीत, गजर नाही. आठवडाभराच्या सहलीत दोनपेक्षा जास्त मुक्काम मी कुणालाच करू देत नाही. आफ्रिकेत सफारी आणि मग झांझिबारचा समुद्र ही जोडी लोकप्रिय आहे. सफारी आधी, समुद्र नंतर हा क्रम सगळेच सांगतात आणि एरवी तो बरोबरही आहे. पण सफारीत उजाडायच्या सुमारास गाडीत बसावं लागतं, कारण जनावरं गारव्यातच हालचाल करतात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्यांना मी सरळ उलटा क्रम देते: आधी समुद्रकाठी झोप काढा, मग सिंह बघा.

लगेचच निघायला हवं असंही नाही. लग्नानंतर जवळपास कुठेतरी तीन दिवस आणि मोठा प्रवास चार-सहा महिन्यांनी, योग्य हंगामात, ही वाटणी मला जास्त पटते.

महिना ठिकाणापेक्षा मोठा

लग्नाची तारीख ठरलेली असते, त्यामुळे महिनाही बहुधा हातात नसतो. मग ठिकाण त्या महिन्याला शोभेल असं हवं. उलटं करायला गेलं की सवलतीच्या दरात पाऊस विकत घेतला जातो.

मालदीवमध्ये साधारण डिसेंबर ते एप्रिल कोरडे महिने, मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे. पण सरसकट नाकारू नका. बा अटोल या प्रवाळबेटांच्या समूहातल्या हनिफारू उपसागरात मांटा रे हे प्रचंड मासे थव्याने जमतात ते याच पावसाळी महिन्यांत. तिथे डायव्हिंगला बंदी आहे, नळी लावून पृष्ठभागावरूनच बघायचं. ज्यांच्या कागदावर ऊन खात पडून राहणं लिहिलंय त्यांनी फेब्रुवारी-मार्च गाठावा. पाण्याखालचं जग बघायला निघालेल्यांना ऑगस्टही चालेल.

थायलंडच्या बाबतीत हमखास घोळ होतो. देश एक, किनारे दोन, पावसाळे वेगळे. फुकेत आणि क्राबी अंदमान समुद्राच्या बाजूला, तिथे मे ते ऑक्टोबर पाऊस. को सामुई आखाताच्या बाजूला, तिथे जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. ऑगस्टमध्ये निघालात तर सामुई, जानेवारीत निघालात तर फुकेत. "थायलंड" एवढंच ऐकून बुकिंग करणाऱ्याला हा फरक विचारून बघा. उत्तर आलं नाही तर दुसरा माणूस गाठा.

बालीत नोव्हेंबर ते मार्च पाऊस. शिवाय तिथला न्येपी हा मौनाचा दिवस साधारण मार्चमध्ये येतो. त्या दिवशी चोवीस तास विमानतळ बंद, रस्त्यावर कुणी नाही, दिवे मंद, पाहुण्यांनीही हॉटेलच्या आवारातच राहायचं. काही जोडप्यांना मी मुद्दाम त्या दिवशी तिथे राहायला सुचवलंय. काहींना तारखा बदलायला लावल्या. त्यांनी लिहिलेल्या दिवसावरून ते लगेच कळतं.

कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम, त्यातही सप्टेंबर सगळ्यात धोक्याचा. त्याच काळात जायचं असेल तर अरुबा, बोनेर आणि कुरासाव बघा. ही बेटं इतकी दक्षिणेला आहेत की बहुतेक वादळं त्यांच्या उत्तरेकडून निघून जातात. मॉरिशसला जानेवारी ते मार्च चक्रीवादळांची भीती. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे हिवाळा असतो, पूर्व किनाऱ्यावर वारा चांगलाच सुटतो आणि त्या दिवसांत उत्तर किंवा पश्चिम किनारा बरा पडतो. सेशेल्सला साधारण मे ते सप्टेंबर आग्नेयेचे वारे, नोव्हेंबर ते मार्च वायव्येचे. वारे पालटतानाचे एप्रिल आणि ऑक्टोबर हे शांत समुद्राचे महिने.

आइसलँडला जाणारे जवळजवळ सगळेच दोन इच्छा घेऊन येतात: मध्यरात्रीचा सूर्य आणि हिरवे ध्रुवीय प्रकाश. दोन्ही एका सहलीत होत नाहीत. जूनमध्ये आकाश काळं होतच नाही, मग प्रकाश दिसणार कुठून? तो बघायला सप्टेंबर ते मार्चमधल्या अंधाऱ्या रात्री लागतात, आणि डिसेंबरात रेक्याविकला दिवस जेमतेम चार तासांचा असतो. चार तास उजेड आणि बाकी वेळ गरम पाण्याची कुंडं, जाड पांघरूण! हे वर्णन ऐकून ज्यांचे डोळे चमकतात त्यांनीच डिसेंबर निवडावा.

जपानमध्ये टोकियो-क्योटोचा साकुरा, म्हणजे चेरीचा फुलोरा, मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला फुलतो आणि ऐन बहर आठवडाभरच टिकतो. तारीख आगाऊ नेमकी सांगता येत नाही, म्हणून केवळ फुलांसाठी जाऊ नका. २९ एप्रिल ते ५ मे मात्र नक्की टाळा, त्या सुट्ट्यांत अख्खा जपान घराबाहेर पडलेला असतो.

पोहोचायला किती वेळ लागतो, हे दारापासून दारापर्यंत मोजा

विमानाचे तास सांगणं ही विकणाऱ्याची युक्ती. तुम्ही घराचं दार लावल्यापासून हॉटेलच्या खोलीचं दार उघडेपर्यंतचे तास मोजा. प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियातलं बोरा बोरा बेटच बघा. आधी ताहितीपर्यंतचा लांब पल्ला, मग छोटं विमान, ते उतरतं वेगळ्याच एका छोट्या बेटावर आणि तिथून होडी. ती पाण्यावरची खोली फ्रेंच पॉलिनेशियातच जन्माला आली, १९६७ मध्ये, रायातेया बेटावर. हॉटेलला वाळूचा किनाराच नव्हता म्हणून काढलेला तो तोडगा होता! आज तशा खोल्या मालदीवपासून कॅरिबियनपर्यंत आहेत, तेव्हा निव्वळ खोलीसाठी अर्धी पृथ्वी ओलांडायची गरज नाही. बोरा बोराच्या ओतेमानू डोंगराचा काळा सुळका समोर हवा असेल तर गोष्ट वेगळी.

मालदीवला दूरच्या बेटांवर सीप्लेननं जावं लागतं आणि ती फक्त दिवसाउजेडी उडतात. माले विमानतळावर दुपार उलटून गेल्यावर उतरलात तर पहिली रात्र मालेच्या आसपास काढावी लागेल. ज्या रिसॉर्टचे पैसे भरलेत तिथली एक रात्र फुकट जाईल. उशिराचं विमान मिळत असेल तर स्पीडबोटीने गाठता येणारं बेट घ्या. काही रिसॉर्ट आपलं घड्याळ मालेच्या तासभर पुढे ठेवतात, परतीच्या दिवशी हा तास लक्षात असू द्या.

वेळेच्या फरकाचं साधं गणित असं की ओलांडलेल्या प्रत्येक तासासाठी शरीर साधारण एक दिवस घेतं, आणि पूर्वेकडे जाताना जास्त त्रास होतो. सहा दिवसांच्या सहलीसाठी नऊ तासांचा फरक ओलांडणं म्हणजे सगळे दिवस पेंगण्यात घालवणं. हाताशी आठवडाच असेल तर घड्याळ तीन-चार तासांपेक्षा जास्त बदलणार नाही अशा पट्ट्यात शोधा. उत्तर-दक्षिण प्रवासात अंतर कितीही असलं तरी झोप मोडत नाही, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

समुद्र, डोंगर की शहर

समुद्र निवडलात तर नकाशावर किनारा कुठल्या बाजूला आहे ते बघा. झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर, पाजे-जांबियानीकडे, ओहोटीला पाणी इतकं आत जातं की पोहायचं तर भरतीची वाट बघत बसायचं. चालायला आणि फोटोंना ते फार सुंदर दिसतं. कधीही पाण्यात उतरायचं असेल तर उत्तरेचं नुंग्वी किंवा केंद्वा घ्या. ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावर ज्या कड्यावरून ज्वालामुखीचं विवर आणि सूर्यास्त दिसतो तिथे वाळू नाही. काळ्या वाळूचे कामारी आणि पेरिसा हे किनारे बेटाच्या दुसऱ्या अंगाला आहेत. दोन्ही हवं असेल तर मुक्काम दोन भागांत वाटा. आणि त्या कड्यावरच्या खोल्यांना पायऱ्याच पायऱ्या असतात. गुडघे दुखत असतील तर खोली घेण्याआधी पायऱ्यांचा आकडा विचारा.

एक बेट, एक रिसॉर्ट अशा जागी खाणंपिणं सगळं त्यांच्याच हाती असतं. खोलीचा दर कमी दिसला तरी जेवण, पाण्याची बाटली आणि विमानतळापासूनची ने-आण धरून एकूण रक्कम काढा, मगच दोन जागांची तुलना करा. मालदीवमध्ये स्थानिक वस्तीच्या बेटांवर राहणं बरंच स्वस्त पडतं, पण तिथे दारू मिळत नाही आणि पोहण्याचे तोकडे कपडे ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच चालतात. चारचौघांत बिलगून फिरणंही तिथे शोभत नाही. तुम्हाला हे चालणार असेल तर उत्तम सौदा आहे.

डोंगरात उंची बघा. साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, तरुण आणि धडधाकट माणसालाही. लेह सुमारे ३,५०० मीटरवर, पेरूमधलं कुस्को ३,४०० च्या आसपास. थेट विमानानं तिथे उतरणाऱ्याचे पहिले दोन दिवस डोकं धरून जाऊ शकतात. पेरूला जाणाऱ्यांनी कुस्कोला उतरून त्याच दिवशी खाली पवित्र खोऱ्यात झोपायला जावं. माचू पिच्चू स्वतः २,४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोच्या बरंच खाली आहे. लेहला अशी सोय नाही, तिथे दोन दिवस विश्रांतीचेच धरा.

शहराला लोक हनिमूनसाठी कमी लेखतात. मला ते पटत नाही. जी जोडपी अजून एकमेकांना पुरती ओळखत नाहीत त्यांना शहर फार सोपं जातं. बोलायला विषय मिळतो, कंटाळा आला तर रस्ता बदलता येतो. रुसवा झाला तर तासभर वेगळं फिरताही येतं. एवढ्याशा बेटावर रुसून जाणार कुठे? व्हेनिस निवडलंत तर मुख्य भूमीवर मेस्त्रेत स्वस्त खोली घेऊ नका. दिवसभराची गर्दी संध्याकाळी ओसरते, आणि त्यानंतरचं रिकामं व्हेनिस आत राहणाऱ्यालाच मिळतं. दोन रात्री कमी करा, पण आत राहा.

खोलीबद्दल लाज न बाळगता विचारा

"रोमँटिक" म्हणवणाऱ्या बऱ्याच खोल्यांत न्हाणीघराला भिंत नसते. काच असते, किंवा पलंगाच्या मागेच टब, किंवा शौचालयाला अर्धवट दार. वर्षानुवर्षांच्या जोडीदाराबरोबर ठीक आहे. पण नुकतंच एकत्र राहायला लागलेल्यांना यानं किती अवघडल्यासारखं होतं ते कुणी बोलत नाही. फोटोत भिंत दिसली नाही तर विचारा. उघड्यावरचं न्हाणीघरही तसंच: चांदण्यात मजा, पावसात आणि डासांत नाही.

युरोपात डबल बेड म्हणजे पुष्कळदा शेजारी लावलेल्या दोन गाद्या. एकच सलग गादी हवी असेल तर बुकिंग करतानाच लिहून कळवा. सूर्यास्ताकडे तोंड असलेल्या खोलीचे जास्त पैसे घेतात, पण उष्ण प्रदेशात तीच खोली दुपारभर तापते. लहान मुलांना प्रवेश आहे का आणि शेजारी बांधकाम चालू आहे का, हेही विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

कागद आणि तब्येत

लग्नानंतर नाव बदलणार असाल तर घाई करू नका. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळलंच पाहिजे. पासपोर्ट जुन्या नावाचा तर तिकीट आणि व्हिसाही जुन्याच नावानं काढा, बदल परतल्यावर करा. अनेक देश पासपोर्टची मुदत अजून सहा महिने उरलेली मागतात. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लागत असेल तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. लग्नाच्या धावपळीत हे शेवटावर टाकू नका. दोघांचे पासपोर्ट वेगवेगळ्या देशांचे असतील तर दोघांचे नियम स्वतंत्रपणे तपासा.

लवकर मूल हवंय का, हा प्रश्न मी विचारते आणि लोक चपापतात. विचारावा लागतो. डासांमुळे पसरणाऱ्या आणि गर्भाला इजा करू शकणाऱ्या झिका विषाणूचा धोका असलेल्या भागात जाऊन आल्यावर गर्भधारणेसाठी स्त्रीनं किमान दोन महिने आणि पुरुषानं तीन महिने थांबावं, असा अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा सल्ला आहे. दिवस गेलेले असतील तर तो भागच नको. मलेरियाच्या प्रदेशात जाणार असाल तर महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटा. पीतज्वराच्या लशीचा दाखला टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, म्हणून ती आदल्या आठवड्यात घेऊन उपयोग नाही.

शेवटच्या दिवसाचं वेळापत्रकही बुकिंग करतानाच बघा. स्कुबा डायव्हिंग करणार असाल तर शेवटची बुडी आणि विमान यांत किमान १८ तास हवेत, म्हणजे शेवटचा दिवस कोरडाच. परतीचं विमान रात्रीचं असेल तर खोली संध्याकाळपर्यंत ठेवता येईल का ते विचारा. जमत नसेल तर निदान आंघोळ करून कपडे बदलायला कुठे जागा देतात, तेवढं लिहून घ्या. आणि उतरलेल्या दुसऱ्याच दिवशी कामावर हजर व्हायचं कबूल करू नका, त्यासाठी हनिमूनमधला एक दिवस कमी करावा लागला तरी चालेल.